गोजाबाईच्या हाताखालची घंटी

मित्रांनो, आधीच सांगून ठेवते. मी देवळातली घंटा नव्हे, आणि जिचा आवाज आला की तुम्ही दप्तर उचलून पळत सुटता ती शाळेची घंटा तर नव्हेच नव्हे. मी टेबलावर ठेवायची घंटी. पालथ्या वाटीसारखी माझी टोपी, खाली लोखंडी बूड आणि डोक्यावर एक छोटी कळ. कळ दाबली की आतला हातोडा टोपीवर आपटतो आणि मी बोलते, टिंग! एवढंच माझं बोलणं. यापेक्षा जास्त मला येत नाही, आणि जास्त बोलणारी माणसं मला फारशी आवडतही नाहीत. आज मात्र मीच लांबण लावणार आहे. म्हातारपणी एवढी मुभा असावी माणसाला. म्हणजे घंटीला.

माझी टोपी कुणी घडवली, बूड कुणी ओतलं, ते मला ठाऊक नाही. डोळे उघडले तेव्हा मी कल्याणच्या एका दुकानात काचेच्या कपाटात होते. शेजारी स्टेपलर, शाईच्या गाद्या, सुतळीचे गुंडे. तिथून मला भातसानगरला नेलं, धरणाच्या ऑफिसात. मोठ्या साहेबांच्या टेबलावर मी बसले. साहेब कळ दाबायचे, मी टिंग म्हणायचे आणि व्हरांड्यातला शिपाई धावत यायचा. काय रुबाब होता माझा तेव्हा! माझ्या एका शब्दावर चहा यायचा, फाइल यायची, माणूस यायचा. टोपी रोज पुसली जायची. तिच्यात साहेबांचा चष्मा दिसायचा, खिडकीतलं आभाळ दिसायचं.

पुढे भिंतीवर विजेची बेल आली. ती किर्र करून ओरडायची. आवाज अगदीच गावंढळ, पण विजेवर चालते म्हणून तिचं कौतुक. मला उचललं आणि कपाटाच्या खालच्या खणात टाकलं. वर जुने रबरी शिक्के, तुटक्या पट्ट्या. टोपीवर काळे डाग पडले. कोणी विचारलं नाही, कोणाला आठवलेही नाही. खूप रडू यायचं मला, पण कळ दाबल्याशिवाय मला रडताही येत नाही.

एक दिवस खण उघडला आणि एका माणसानं मला बाहेर काढलं. हे केरूनाना. ऑफिसातले कारकून. राहायला शेणव्याला, बौद्धवाडीत. रोज एसटीनं ये-जा. बारीक अंगाचे, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. नानांनी साहेबांना विचारलं, "साहेब, ही घंटी भंगारात जाणार असंल तर मी नेऊ का? भाषणाच्या प्रॅक्टिसला होईल." साहेब हसले आणि म्हणाले, "न्या की." अशी मी रुमालात गुंडाळून शेणव्याला आले.

आता नानांचं सांगते. नाना भाषणं लिहायचे. स्वतःसाठी तर लिहायचेच, पण दुसऱ्यांसाठी जास्त. आमच्या भागात कुणालाही 'दोन शब्द' बोलायची वेळ आली की तो नानांच्या पडवीत येऊन बसायचा. जयंतीचं भाषण, लग्नातल्या आशीर्वादाचं, बदली झालेल्या गुरुजींच्या निरोपाचं, नव्या सरपंचाच्या सत्काराचं. शहापूरपासून मुरबाडपर्यंत माणसं यायची. नाना कुणाला नाही म्हणत नसत, कुणाकडून काही घेतही नसत. फार तर एखादा ताज्या काकड्या ठेवून जायचा.

पण खरं सांगू? ते दिवस माझ्या येण्याआधीचे असोत की नंतरचे, नानांना एक खोड होती. मोठाले शब्द त्यांना फार आवडायचे. साधं 'आपण सगळे जमलो आहोत' म्हणायचं तर नाना लिहायचे, 'या ठिकाणी आज हा अथांग जनसागर उसळलेला पाहून माझे अंतःकरण उचंबळून येत आहे.' आता बौद्धवाडीच्या विहारासमोर कसला आलाय जनसागर? पन्नास माणसं, चार शेळ्या. पण नाना एकदा सुटले की सुटले.

मला घरी आणलं त्या संध्याकाळी नानांनी पडवीत खुर्ची मांडली. समोर त्यांची बायको गोजाबाई सुपात वाल पाखडत बसली होती. नानांनी मला तिच्या बाजूला ठेवलं, घड्याळ दाखवलं आणि म्हणाले, "गोजा, मोठा काटा हितं आला की हिला दाबायचं. मंग मला कळंल टाइम झाला."

गोजाबाईला घड्याळ कळत नव्हतं. ते तिनं सांगितलं नाही आणि नानांनी विचारलं नाही. नानांनी घसा खाकरला आणि सुरू केलं, "सन्माननीय विचारपीठ, विचारपीठावरील सर्व मान्यवर..."

पहिलं पानही संपलं नसेल. गोजाबाईनं वालाचा हात झटकला आणि माझ्या डोक्यावर दिला एक. टिंग!

"आगो, काय करतेस? काटा कुठं आलाय अजून?" नाना चिडले.

"मला काय ठावं तुमचा काटा," गोजाबाई म्हणाली. "मला पुरं झालं, मी वाजवली."

मित्रांनो, माझ्या आयुष्यात मला इतकं खरं कारण देऊन कुणी वाजवलं नव्हतं. साहेबांच्या टेबलावर मी माणसं बोलावत होते. इथं पहिल्यांदा मी कुणाला तरी थांबवलं.

नाना रागारागानं आत गेले. पाणी प्यायले. बाहेर आले तेव्हा हातात पेन होतं. "कुठं पुरं झालं तुला?" त्यांनी विचारलं. "त्या सागरापाशी," गोजाबाई म्हणाली, "मी सागर काय पायला नाय. तुमी पन नाय नीट पायला." नानांनी ते वाक्य खोडलं आणि पुन्हा वाचायला लागले.

त्या दिवसापासून आमच्या घरात हा नेमच पडला. नाना लिहायचे, मग पडवीत मोठ्यानं वाचायचे. गोजाबाई काहीतरी निवडत, टिपत, शिवत बसायची आणि तिचा एक हात माझ्याजवळ असायचा. कंटाळा आला की टिंग. खोटं वाटलं की टिंग. एकच गोष्ट दुसऱ्यांदा आली की टिंग टिंग! जे वाजवल्याशिवाय पार पडायचं तेवढंच भाषणात राहायचं. ती काही मोठी जाणकार होती असं समजू नका हं. पुष्कळदा ती चुकायचीही. चुलीवर दूध उतू जायची वेळ झाली की ती चांगल्या वाक्यावरही मला दाबून उठून जायची. एकदा दुपारी दोघांचं बाजारावरून वाजलं होतं, तर संध्याकाळी तिनं अख्खं भाषण टिंग टिंग करून संपवलं. नाना म्हणाले, "आज घंटी नाय, राग वाजतोय." ती तोंडाला पदर लावून हसली. त्या घरात हसणं पुष्कळ होतं. आता आठवलं की जीव कासावीस होतो.

दोन गोष्टी मी कधी विसरणार नाही. पहिली नवसूची. नवसू पलीकडच्या गावचा कुणबी शेतकरी. म्हसा गावच्या जत्रेतून आणलेली त्याची बैलजोडी इतकी देखणी निघाली की गावानं त्याचा सत्कार करायचं ठरवलं. सत्कार म्हटलं की बोलणं आलं, आणि बोलणं म्हटलं की नवसूला घाम. तो नानांकडे आला. नानांनी दोन पानं लिहिली. बळीराजा, काळी आई, सर्जा-राजा, सगळं आणलं. नाना वाचत होते आणि गोजाबाई मला वाजवत होती. नवसू बिचारा एकदा नानांकडे बघायचा, एकदा माझ्याकडे.

शेवटी तिनं नवसूलाच विचारलं, "नवसूभाऊ, तू बैलांशी काय बोलतोस?"

नवसू लाजला. "काय नाय वयनी. सकाळी गोठ्यात गेलो का बोलतो, चला रे, आज पन मला सांभाळून घ्या."

नानांचं पेन थांबलं. त्यांनी दोन्ही पानं बाजूला ठेवली. सत्काराच्या दिवशी नवसूनं तेवढंच सांगितलं, आपण रोज सकाळी बैलांना काय म्हणतो ते, आणि हात जोडून खाली बसला. गाव कितीतरी वेळ टाळ्या वाजवत होतं म्हणे. लोक म्हणाले, केरूनानांनी काय भाषण लिहून दिलं! घरी आल्यावर नानांनी मला फडक्यानं लख्ख पुसलं.

दुसरी गोष्ट शोकसभेची. आमच्या वाडीत माणूस गेलं की पुण्यानुमोदनाच्या दिवशी मांडव घालतात. फोटोपुढे मेणबत्ती लावतात, वंदना होते आणि मग माणसं उठून गेलेल्या माणसाबद्दल बोलतात. आदरांजली वाहतात. रीत फार चांगली, पण तिचं काय झालं होतं, सगळे बोलायचे तेच ते. प्रेमळ होती, मनमिळाऊ होती, कष्टाळू होती. मधलं नाव तेवढं बदलायचं. वाडीतल्या बाईजाची सासू गेली तेव्हा नानांनीही तसंच लिहिलं. 'मनमिळाऊ' शब्द आला आणि गोजाबाईनं मला असं दाबलं की माझा हातोडा अडकला.

"कोन मनमिळाव? ती? सगळ्या वाडीशी भांडली ती. माझ्याशी तर पानवठ्यावर रोज भांडायची."

"अगो, मेलेल्या मानसाबद्दल असं बोलू नाय."

"वाईट कुठं बोलतेय? भांडायची ते सांगा. आन् भांडून घरी गेली का वाटीभर कालवन पाठवायची, ते पन सांगा. तीच खरी ती. तुमी सांगताव ती बाय मला ठाव पन नाय."

नानांनी तसंच सांगितलं. मांडवात आधी लोक हसले, मग बाया डोळ्याला पदर लावून रडल्या. बाईजा नंतर म्हणाली, "नाना, माझी सासू दिसली मला." त्या दिवसापासून सभेत मला टेबलावर ठेवायची पद्धत पडली. कुणी लांबण लावली की नाना मला वाजवायचे. पुढाऱ्यांना माझा राग यायचा. येऊ दे. मला त्यांचं कुठं काय खायचं होतं!

दिवस असे जात होते. मुलगा इंद्रजीत नोकरीला लागला, त्याचं लग्न झालं, घरात रत्नप्रभा सून म्हणून आली. पिंकी झाली. पिंकी रांगत येऊन मला वाजवायची आणि नाना भाषण थांबवून म्हणायचे, "बघ, हिला पन पटला नाय." नाना रिटायर झाले. रिटायर झाल्यावर तर पडवी रिकामी नसायचीच.

आणि मग गोजाबाई आजारी पडली. आधी नुसता ताप, मग धाप लागायला लागली. शहापूरला नेली, तिथून कळव्याला नेली, परत आणली. भाताची झोडणी संपली होती. अंगणात पेंढ्याची उडवी रचलेली होती आणि ती पडवीत गोधडीवर पडून असायची. मी तिच्या उशाशी. काही लागलं तर वाजव म्हणून नानांनीच मला ठेवलं होतं. ती फारशी वाजवायची नाही.

एका दुपारी नाना तिच्या पायाशी बसले होते. ती एकदम म्हणाली, "अवो, माझ्या टायमाला तुमी बोलाल ना?"

"गप बस," नाना म्हणाले.

"बोलाल. आख्खा तालुका येईल तुमचं भाषन ऐकाया. पन मी नसनार. मंग खोटंनाटं बोललाव तर तुमाला थांबवनार कोन?"

ती हसत होती. नाना उठून मागच्या दारी गेले. मी तिथंच होते. तिचा हात माझ्या टोपीवर होता, तापानं गरम. तिनं कळ दाबली नाही. नुसता ठेवला होता.

ती गेली. मित्रांनो, त्याबद्दल मी जास्त सांगत नाही. मला जमणार नाही.

पुण्यानुमोदनाचा दिवस ठरला. शहापूर, किन्हवली, मुरबाड, सगळीकडे निरोप गेले. आणि जो तो म्हणायला लागला, नाना आता काय बोलतील! एवढ्या लोकांना लिहून दिलं, स्वतःच्या बायकोवर काय लिहितील! सांत्वनाला आलेली माणसंसुद्धा जाताना विचारून जायची, "भाषन लिवलंत का?" नानांना ते भाषण लोकांसाठी करायचं नव्हतं. गोजाबाईचं शेवटचं बोलणं त्यांच्या कानात बसलं होतं. तिच्याबद्दल एक शब्द खोटा जाऊ नये, एवढंच त्यांना हवं होतं.

नाना लिहायला बसले. आणि इतक्या वर्षांनी पुन्हा तेच झालं. त्यागाची मूर्ती, मायेचा सागर, नंदादीप. कागद भरत गेला. मी बाजूला बसून तडफडत होते. माझ्या अंगात हातोडा आहे, पण तो हलवायला हात लागतो ना!

नानांनाही कुठंतरी खटकत असावं. त्यांनी रत्नप्रभाला हाक मारली. "रत्ना, जरा बस. मी वाचतो. नाय पटलं का हिला दाब." रत्नप्रभा डोक्यावरचा पदर सारखा करून बसली. सासऱ्यासमोर ती कधी मोठ्यानं बोललेली नव्हती. नाना वाचत गेले. तिचा हात माझ्यावर आला, परत गेला, परत आला. शेवटपर्यंत तिनं मला वाजवलं नाही.

वाचून झालं. नानांनी विचारलं, "कसं हाय?"

"चांगलं हाय बाबा," रत्नप्रभा म्हणाली. मग खाली बघून हळूच म्हणाली, "पन यात आई नाय."

मला वाटलं, आता नाना चिडतील. त्यांनी कागद उलटा केला, पेन उघडलं आणि म्हणाले, "मंग तू सांग. कुठं हाय?"

आणि मित्रांनो, रत्नप्रभा बोलायला लागली. आई सुकट भाजताना त्यातली चार तोंडात टाकायच्या आणि मांजरावर नाव घालायच्या. कॉलेजच्या पोरींसाठी एसटी थांबत नव्हती तेव्हा आई रस्त्यात आडव्या उभ्या राहिल्या आणि कंडक्टरला म्हणाल्या, आधी मला चिरड. भोपळ्याचं बी त्या प्रत्येक घरात नेऊन द्यायच्या आणि उगवलं नाही की त्या घरच्या बाईलाच रागावायच्या. नानांनाही आठवत गेलं. लग्नानंतर पहिल्यांदा तिनं त्यांना नावानं हाक मारली होती ती, त्यांचा पाय मोडला तेव्हा तिनं एकटीनं केलेली लावणी ती. दोघं हसत होती, रडत होती. पिंकी मधेच येऊन म्हणाली, "आजी मला गालावर चावायची, ते पन लिवा." नानांनी तेही लिहिलं.

आता सगळं खरं होतं. पण केवढं झालं! कागदांची चळत झाली. एवढं कोण ऐकणार? नाना पुन्हा वाचायला बसले, रत्नप्रभा पुन्हा माझ्याजवळ. "आता दाब," नाना म्हणाले, "काय काढू ते सांग." ती रडवेली झाली. "कुठं वाजवू बाबा? सगळंच आईंचं हाय." नानांनी एक ओळ खोडायला पेन टेकवलं आणि उचललं. दुसरीवर टेकवलं, उचललं. एकही ओळ त्यांच्यानं खोडवेना. खोटं काढणं त्यांना गोजाबाईनं शिकवलं होतं. खरं कसं काढायचं ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

तशीच चळत घेऊन नाना मांडवात गेले. मलाही नेलं. मांडव गच्च भरला होता. एका बाजूला पुरुष, एका बाजूला पांढऱ्या लुगड्यातल्या बाया. फोटोत गोजाबाई मान जरा वाकडी करून बघत होती. वंदना झाली. सूत्रसंचालन नानांचा पुतण्या मुकेश करत होता. त्यानं मला माईकशेजारी ठेवलं. एकेक जण बोलायला लागला. मुरबाडहून आलेले एक पुढारी गोजाबाईपासून सुरू झाले आणि आपण मंजूर केलेल्या रस्त्यावर गेले. मुकेशनं मला वाजवलं. ते थांबले नाहीत. परत वाजवलं, तेव्हा कुठं बसले. जेवणाची पातेली उतरली होती. पोरं पेंगायला लागली होती.

मग मुकेश म्हणाला, "आता आपल्या सगळ्यांचे केरूनाना."

सगळा मांडव सरसावून बसला. नाना उठले. कागद माईकसमोर धरले. "जय भीम," म्हणाले. पहिलं वाक्य वाचलं, एसटीच्या कंडक्टरचं. बायांच्या बाजूला एकदम कुजबूज झाली. शेजारची जनाबाई बाजूच्या बाईच्या कानाशी लागून हात हलवून काहीतरी सांगत होती. मुकेशनं मला वाजवायला हात पुढं केला. नानांनी त्याआधीच आपला तळवा माझ्या टोपीवर ठेवला. तसा हात ठेवला की माझा आवाज फुटत नाही.

"जनाबाय," नाना म्हणाले, "काय सांगतेस तिला?"

जनाबाईनं जीभ चावली. "काय नाय नाना. चुकलं. तुमी बोला."

"नाय. जे तिला सांगत व्हतीस, ते हितं येऊन सांग."

"मी? मला काय भाषन येतं?"

"भाषन नको. तेच सांग."

आमच्या वाडीत शोकसभेत बायांनी उठून बोलायची पद्धत नव्हती. जनाबाई उठली, माईकच्या तोंडाकडे साप बघावा तशी बघत उभी राहिली आणि म्हणाली, "माझ्या घरात एका साली काय नव्हतं. चूल पेटली नव्हती. ही आली, दारातून वरडली, 'माझा भात जादा झालाय. गुरांना घालू का तुला देऊ?' अशी भांडल्यावानी बोलली म्हनून मला घ्यायाला लाज नाय वाटली." एवढं बोलून ती जागेवर जाऊन बसली.

मग बाईजा उठली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. "मी जयंतीला गानी बोलते ना," ती म्हणाली, "ती पयल्या टायमाला हिनं मला ढकलून उभी केलेली. मागून पाठीत बुक्की मारली, बोलली, गळा हाय तर गा ना, घरात कोनावर वरडत बसतेस?" लोक हसले. शोकसभेत हसले. मग आणखी एक बाई उठली. मग माझ्या मागून कुणीतरी पुढं आलं. बघते तर रत्नप्रभा.

"आईंना बेडकांची भीती होती," ती म्हणाली. "लावणीला बेडूक निघाला का माझ्या पाठीमागं लपायच्या. सगळ्या गावाला घाबरवनारी बाय. मी नवीन व्हते, माहेरची आठवन यायची. पन कोनतरी माझ्या मागं लपतंय म्हनून मला बरं वाटायचं."

ती तेवढ्यावरच थांबली. प्रत्येक जण आपलं एवढंएवढंसं सांगून बसत होतं आणि मला वाजवायला कुणाला एकदाही हात पुढं करावा लागला नाही. नाना बाजूला उभे होते. त्यांच्या हातातल्या कागदांमध्ये नसलेलं कितीतरी ते ऐकत होते.

सगळ्या बाया बसल्या. लोक परत नानांकडे बघायला लागले. आता खरं भाषण, असं त्यांना वाटत असणार. नानांनी कागदांची घडी घातली आणि खिशात ठेवली. फोटोकडे एकदा बघितलं. मग माईकमध्ये म्हणाले, "मला बोलाया पुष्कळ लोकांनी शिकवलं. थांबाया हिनं एकटीनं शिकवलं."

आणि ते खाली बसले.

मित्रांनो, त्याला आता बरीच वर्षं झाली. नानाही गेले. मी रत्नप्रभाच्या कपाटावर असते. टोपीवर गंज चढलाय, कळ दाबली की कधी आवाज येतो, कधी नुसतीच खट्ट होते. पिंकी सुट्टीला आली की मला पुसते. आता शाळेतली पोरं इंटरनेटवरून भाषणं उतरवून आणतात आणि रत्नप्रभाकडे येतात, काकी, ऐका ना, पाठ झालंय. ती भाजी निवडता निवडता ऐकते आणि हात वर करून म्हणते, "थांब रे, हे तुझं नाय वाटत." पोरांची तोंडं उतरतात. मला फार बरं वाटतं.

माझी काळजी घ्या असं मी म्हणणार नाही. मी लोखंडाची आहे, तेलाचे दोन थेंब सोडले की आणखी काही वर्षं निघतील. पण तुमच्या घरात कुणी असेल, आजी, आई, ताई, तुमचं लिहिलेलं ऐकता ऐकता 'पुरे आता' म्हणणारं, तर त्यांच्यावर रुसू नका. आज संध्याकाळी त्यांना काहीतरी वाचून दाखवा. त्या थांबवतील तिथं थांबा. आणि त्यांच्याबद्दल जे सांगावंसं वाटतं ते मांडव पडेपर्यंत ठेवू नका, त्या ऐकत आहेत तोवर सांगा.